काचेपलीकडचं मशीन

सुया टोचून झाल्या होत्या, नळ्या जोडून झाल्या होत्या, मशीनचं चाक फिरायला लागलं होतं, आणि कुंदन माझ्या हाताखाली उशी सरकवता सरकवता म्हणाला, "अक्का, मयुरीचा रिपोर्ट आला. पांढरी कावीळ निघाली तिला." मी म्हटलं, "अरे बाप रे." दुसरं काय म्हणणार? सगळे तेच म्हणाले. समोरच्या खाटेवरचे झुंबरलाल शेठ तर उशीवरून मान उचलून म्हणाले, "मी आधीच बोललो होतो का नाही? या लोकांचं काय सांगता येतं?" कुंदन म्हणाला, "आधीपासूनच असणार शेठ, आता दिसली एवढंच." हे बोलताना तो माझ्या मशीनच्या आकड्यांकडे बघत होता आणि मी छताच्या पंख्याकडे. आधीपासून नव्हती. हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. त्या हॉलमध्ये एवढी माणसं, पण पक्कं माहीत असलेली आम्ही दोघंच. आणि मला उठून जाताही येत नव्हतं. डायलिसिसला बसलं की माणूस खुंटीला बांधल्यागत असतो. दोन्ही मूत्रपिंडं मेलेली, म्हणून रक्त एका सुईतून बाहेर जातं, मशीनमध्ये धुऊन दुसऱ्या सुईतून परत येतं, आणि तोवर हात हलवायचा नाही. चांगलं चार तासांचं काम. माझे त्या दिवशीचे सगळे तास अजून पुढे पडले होते.

मी पुष्पाबाई. धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या बोळात आमचं बांगड्यांचं दुकान, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. कासारणीला हात बघून माणूस कळतं म्हणतात, ते खोटं नाही. हाडाचा हात, मासाचा हात, राबलेला हात, लपवलेला हात. तळवा दाबला की माप कळतं आणि मापासोबत बाकीचंही थोडंफार कळतं. साऱ्या जन्मात किती मनगटं दाबली असतील याचा हिशोब नाही, आणि आता माझाच डावा हात नागडा. डायलिसिससाठी त्या हाताच्या दोन नसा ऑपरेशन करून एकत्र जोडल्या आहेत, तिथे दोरखंडासारखी फुगलेली नस आहे, तिच्यावर बांगडी नको, घड्याळ नको, पिशवीचं ओझं नको. पहिल्यांदा कुंदनने माझ्या बांगड्या उतरवल्या तेव्हा मी रडले होते. नवरा गेला तेव्हाही मी हट्टाने बांगड्या ठेवल्या होत्या, कासारणीने हात मोकळा ठेवला तर गिऱ्हाइकाने काय घालावं? आणि इथे एका पोरसवद्या टेक्निशियनने त्या साबण लावून सटासट काढल्या. तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "अक्का व, रडू नका. मना बी काढ्यात. आपण दोन्ही एका हातन्या सवाशीनी." एवढा जाड आवाज आणि एवढं मऊ बोलणं. मी मान वळवून पाहिलं तर मयुरी.

मयुरी तृतीयपंथी. लोक तिच्यासारख्यांना काय काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, मीही ते शब्द तोंडाने वापरलेत, देवाने जीभ झडू दिली नाही एवढंच. मूळची शिंदखेड्याच्या बाजूच्या खेड्यातली. हॉस्पिटलच्या कागदावर तिचं जुनं, मुलाचं नाव होतं, आणि सुरुवातीला कुंदन ते नाव दारातून मोठ्याने पुकारायचा. सगळ्यांच्या माना वर. मग ती उठायची, पदर नीट करायची आणि जणू दुसऱ्याच कुणाला बोलावलंय अशा चालीने आत यायची. पुढे त्याला तिने हात जोडून सांगितलं, "भाऊ, नुसतं मयुरी म्हना, कागदवर राहू द्या ते." तिचं दुखणं एवढं वाढायचंच कारण नव्हतं. पाय सुजायला लागले तेव्हा ती डॉक्टरकडे गेली होती. एका नाही, बऱ्याच. हे ती हसून सांगायची. "त्या डॉक्टरनी माले हात बी लावा नही अक्का. दूरथीनच गोया लिखी दिध्यात. म्हने, तुमना लोकेसनं असंच ऱ्हास." गोळ्या म्हणजे दुखण्यावरच्या. त्या खाऊन खाऊन उरलंसुरलं गेलं. छातीत पाणी भरून तिला इथे आणलं त्या रात्री बायकांच्या वॉर्डातल्या बायका ओरडल्या, पुरुषांच्या वॉर्डातले पुरुष हसले, आणि सकाळपर्यंत ती जिन्याखाली स्ट्रेचरवर होती, ऑक्सिजनची नळी लावून. "ते बी बरं व्हतं," म्हणायची, "वारा चांगला ये." मी तिला म्हणायचे, तुला राग कसा येत नाही गं? तर म्हणायची, राग करी करी बीपी वाढस, आणि आपलं बीपी पहिलेच वाढेल शे. आणि खो खो हसायची. शेठ तिकडून "शुक शुक" करायचे.

आम्हाला एकमेकींची सवय झाली होती हे मी नाकारणार नाही. शेजारशेजारच्या खाटा, एकच वेळ, एकच तहान. आम्हाला पाणी मोजून, डाळ शिजवून पाणी फेकलेली, फळं बंद. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागा, लहानपणी आम्ही केळी गुरांना घालायचो. आणि आता अख्ख्या जळगाव जिल्ह्याची केळी रस्त्याने ट्रक भरभरून जातात आणि मी बघते. मयुरी म्हणायची, अक्का, मरानं आधी दोन्हीजनी एक एक केयं खाऊ. मरण्याची गोष्ट ती अशी भाजीपाल्यासारखी करायची, पण तिला मरायचं मुळीच नव्हतं. तिचा बाप तिला किडनी देणार होता. हे जेव्हा ठरलं तेव्हा ती सुया लावलेल्या हाताने टाळी वाजवायला गेली आणि कुंदन ओरडला. ज्या बापाने तिला घरातून काढलं, आई वारली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं केलं, तो जीवरामआबा एक दिवस आपण होऊन आला आणि म्हणाला, रक्त तं मनंच शे ना. रक्तगट जुळला. नाशिकला मोठ्या हॉस्पिटलात नाव लागलं. आणि त्याच सुमाराला तिचा काविळीचा रिपोर्ट आला, तेव्हा तिने मला आरोळी ठोकून सांगितलं होतं, "अक्का, काहीच नही निंघनं! बठ्ठं चोखं शे!" कुंदनही तेव्हा म्हणाला होता, हो अक्का, क्लीन आहे. मी तिला म्हटलं, बरं झालं बाई, देव पावला. मनापासून म्हटलं होतं. ही गोष्ट आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, थोडी आधीची.

आणि आखाजी म्हणजे आमच्या दुकानाचा जीव. लेकीबाळी माहेरी येतात, लग्नाचे मुहूर्त, बोळात पाय ठेवायला जागा नसते. मी डायलिसिस नसेल त्या दिवशी गादीवर बसायचेच, सुनेला माप अजून नीट कळत नाही. त्या दिवशी एक नवरी चुडा भरायला आलेली, सोबत आजी, मावश्या, आत्या, सगळा गोतावळा खाली सतरंजीवर मांडी घालून. आणि बोळाच्या तोंडाकडून आवाज आला, "अक्का व!" मला धस्स झालं. हे मी आधी कबूल करते, की ती जवळ येण्याच्या आधीच मला धस्स झालं. मयुरी आली, नव्या साडीत, खुशीत. आणि काय झालं, तर त्या आजीनेच हात जोडले. म्हणाली, माय, आमच्या पोरीला आशीर्वाद दे, शुभ असतो तुमचा. मयुरीने नवरीच्या डोक्यावर हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, सगळ्या बायका खुश, आजीने तिला नारळ दिला. मी मनात म्हटलं, सुटले. पण ती गेली नाही. ती सतरंजीवर बसली. त्या बायकांच्या रांगेत, जागा करून, आपला उजवा हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "अक्का, आते माले बी भरा. हिरव्या. आबा किडनी दी ऱ्हायना, मी नवस बोलेल शे."

मी तिचा हात धरला. धरला, हे खरं आहे. मोठा हात, सांधे रुंद, पण तळवा मऊ, आणि औषधांनी कोरडा पडलेला. माप दोन दहाचं. मी तेल लावून एकेक बांगडी चढवत होते आणि समोरची कुजबूज थांबत चालली होती. आशीर्वादाचं चालत होतं, उभ्या उभ्या. एका सतरंजीवर बाई म्हणून बसलेली चालेना. आधी आत्या उठली, मग मावश्या. आजी म्हणाली, पोरीला कसंतरी होतंय, आम्ही नंतर येतो. अर्धा चुडा भरलेली नवरी उठून गेली. कासाराच्या दुकानातून नवरी अर्ध्या हाताने उठून जाणं म्हणजे काय, हे दुसऱ्या धंद्यातल्याला कळायचं नाही. मयुरीला कळलं असावं, तिने मान खालीच ठेवली. शेवटची बांगडी चढली आणि तिने रीतीप्रमाणे, जशा सगळ्या बायका बांगड्या भरून झाल्यावर कासारणीला वाकतात तशी, माझ्या हातावर डोकं टेकवलं. अख्खा बोळ बघत होता. सून आतून बघत होती. ती गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्ही त्यांना इथे कशाला येऊ देता? दवाखान्यातलं दवाखान्यात ठेवा." माझ्या मुलाने, चंदनने, रात्री जेवताना भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. मला राग आला. त्यांचा नाही. त्या बायकांचाही नाही. मयुरीचा आला. सगळ्यांसमोर तिने मला आपल्यातलं करून घेतलं म्हणून. काय बाई असते मी!

दुसऱ्याच दिवशी डायलिसिस. सुया लावायच्या आधी कुंदन माझ्या खाटेपाशी आला, हळू आवाजात. म्हणाला, अक्का, शेठच्या घरचे वर ऑफिसात बोलले, तिला आमच्या हॉलमध्ये नको म्हणून. शेठने हॉस्पिटलला दोन मशीन दिलीत, साहेबांना त्यांचा शब्द मोडवत नाही. पण शेजारची खाट तुमची आहे. तुम्ही म्हणालात की तुम्हाला चालतंय, तर मी साहेबांना तसं सांगतो, बाकीचे मग गप्प बसतील. एवढंच त्याला हवं होतं. एक शब्द. 'चालतंय.' गिऱ्हाइकाला मी दिवसातून शंभरदा म्हणते, चालतंय, घ्या. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "मला कसंतरीच होतं रे. काचेपलीकडे बसव तिला." तो चमकला. म्हणाला, "अक्का, तिकडे काविळीचं मशीन आहे. तिकडे पारोळ्याचे पुनानाना बसतात, त्यांना पांढरी कावीळ आहे." काचेपलीकडची खोली त्यासाठीच केलेली, हे कुंदनने मला कधीच सांगून ठेवलं होतं, ही कावीळ रक्तातून लागते, लिव्हरमध्ये शिरते आणि मुक्काम ठोकते, म्हणून त्यांचं मशीन वेगळं, नळ्या वेगळ्या, बादली वेगळी. मला हे माहीत होतं. मला कुणी अडाणी समजू नका. आणि मी म्हटलं, "धुता ना तुम्ही मशीन? मग!"

'धुता ना तुम्ही.' या तीन शब्दांवर आजवर मी जगले. धुतात. रोज धुतात, औषध टाकून धुतात, कुंदन हातमोजे बदलतो, मी विचारलंही होतं त्याला मधूनमधून, धुतोस ना रे नीट? आणि तो म्हणायचा, धुतो हो अक्का. पण पुनानानांची सुई काढून लगेच तिची लावायची, माणूस एकटा, दोन्ही हॉलमध्ये पळणारा, मशीनवर हात, दाराच्या कडीवर हात, पट्टीच्या रिळावर हात. काविळीची लस तिची अर्धीच झालेली, पुढचे डोस सरकारी दवाखान्यात आले नाहीत, बाहेरून आणायला तिला सांगितलं होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी खिडकीकडे तोंड करून झोपत होते. कारण ती हलल्यावर खाटा सरकल्या आणि खिडकीजवळची खाट मला मिळाली. तिथून कडुनिंब दिसतो. मला ती खाट किती दिवस हवी होती! जळो ती खाट.

आणि तिला कुणी खरं सांगितलंच नाही. कुंदनने सांगितलं, नवा रिपोर्ट येईस्तोवर तुला स्वतंत्र खोली. ती केवढी खुश झाली! काचेला तोंड लावून माझ्याकडे बघून ओरडली, आवाज आला नाही, पण बाहेर पडल्यावर म्हणाली, "माले आलग खोली दिधी, अक्का! पंखा बी मनाच, कोणी शुक शुक करत नही." दर वेळी आत जाताना माझ्या खाटेशी थांबायची, काय खायेल शे आज, वजन किती वाढेल शे, असं विचारायची. मग काचेच्या पलीकडून हात हलवायची, त्या हिरव्या बांगड्यांचा. मीही हलवायचे. कधीकधी पाहिलं न पाहिलं करायचे. मला वाटायचं, तिला नाशिकला नेईस्तोवर निभावलं की झालं. दोन-तीन महिने तर आहेत, काय होतंय. माणूस स्वतःला किती सांभाळून घेतं, लहान पोराला घेतात तसं.

मशीन वाजलं. कुंदन आला, माझं बीपी उतरलं होतं, त्याने पाय वर केले, सलाइन सोडलं. गार काहीतरी हातातून खांद्याकडे सरकत गेलं. "काही विचार करताय का अक्का?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता, मेल्याची झोप झालेली नव्हती. मी हळूच म्हटलं, "कुंदन, ही इथूनच लागली ना रे तिला?" तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "अक्का, असं बोलू नका. हे बाहेर गेलं तर युनिट बंद करतील. मग तुम्ही सगळे आठवड्यातून तीनदा नाशिकला जाणार का? साक्रीकडून येणारी माणसं आहेत, ती कुठे जातील?" खरंच होतं ते. किती सोयीचं खरं! त्याने मला ते असं आयतं हातात दिलं आणि मी ते धरून बसले. मी मेले तर उन्हाळ्याच्या लग्नसराईत चंदनचं दुकान कोण बघणार, सुनेला माप कळत नाही, इतक्या लोकांचं कसं व्हायचं. शेठ तिकडे मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, निघालीच शेवटी, हो हो, बरं झालं वेळेवर वेगळी केली. वेळेवर! मला वाटलं उठावं, सुया उपसाव्यात आणि त्यांच्या तोंडावर ओरडावं, की शेठ, आपण वेगळी केली म्हणून निघाली. तुम्ही आणि मी. पण सुया उपसल्या तर रक्ताचं कारंजं उडतं, आणि मला माझ्या रक्ताची फार काळजी आहे.  पंख्याची पाती मोजायला गेले तर तीही सुखाने मोजू देईनात. काचेकडे मी बघितलं नाही. ती बघत असणार हे मला मानेला जाणवत होतं.

माझं आधी संपलं. कुंदनने सुया काढल्या, मी कापूस दाबून बसले, तोवर तिच्याही सुया निघाल्या, काचेचं दार उघडलं आणि मयुरी दारातच उभी राहिली. आत आली नाही. तिने तोंडाला पदर लावला होता, आणि डोळे सुजलेले. म्हणाली, "अक्का, तुमनी टेस्ट करी ल्या. मी किती दिन तुमना जोडे बठनू, तुमना डब्बामातलं खायनू. तुमले काही झायं तं मी काय करू? माफ करा माले." ती नेहमी बठनी म्हणायची, रडली की जुनं, मुलाचं बोलणं तोंडात यायचं. मी म्हटलं, "मला काही होत नाही गं. तू आधी गप्प हो." माफ करा, म्हणाली ती मला. ती, मला. मी पाण्याची बाटली शोधायला लागले, पाणी मोजून असतं हे विसरून. मग ती म्हणाली, "बाहेर आबा शेत. उद्या सकायले नाशिकले जानं व्हतं. डॉक्टरसाहेबनी सांगी टाकं त्यासले, आते नाशिक थांबाडा म्हने. आणि म्हने हाई रक्तमाईन लागस, नही तं तसल्या संबंधमाईन. आबा मनाशी बोलेतच नही अक्का. त्यासले वाटस मी कोठे तरी तोंड कायं करी उनी. तुमनी आन, मी तसलं काही करेल नही. तुम्ही सांगा ना त्यासले. तुमनं ऐकतीन."

मी पदर सावरला आणि बाहेर गेले. जाताना मनात एकच होतं, सांगायचं. कुंदनचं जे व्हायचं ते होवो, युनिटचं होवो, खिडकी जावो, सगळ्या गावाने थुंकू दे माझ्यावर. बापाला किडनी द्यायची आहे, पोरीचा जीव त्याच्या एका मनावर आहे, काविळीचे औषधोपचार होतात, थांबला तर पुढेमागे सगळं जमू शकतं; फक्त त्याने उठून जाता कामा नये. हे मला लख्ख कळत होतं. कॉरिडॉरच्या बाकावर जीवरामआबा बसले होते, टोपी गुडघ्यावर, पायांत जाड चपला, मांडीशी एक पिशवी, तिच्यातून टॉवेलाचं टोक बाहेर आलेलं. नाशिकला राहायच्या तयारीने आला होता माणूस. मला बघून उठून उभे राहिले. म्हणाले, "तुम्ही कासारबाई ना? आमना लगनना चुडा तुमना सासराना दुकानमाईन भरेल व्हता. मयुरीनी माय कायम तुमनं नाव काढे." मयुरीनी माय, म्हणाले. जुनं नाव नाही घेतलं. मी बसले, तेही बसले. मी म्हटलं, "भाऊ, पोरगी चांगली आहे तुमची. मी रोज बघते. वाकडं पाऊल नाही तिचं." ते ऐकत होते, टोपीची कड बोटांनी चापत. मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती. त्यांना कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं. म्हणाले, "मंग हाई लागनं कथाईन, अक्का?"

त्यांनी विचारलं आणि थांबले. तोंडात शब्द तयार होते माझ्या, त्यांची चव लागत होती. मीच. इथूनच. काचेपलीकडे. आणि मला एकदम दिसलं की हा माणूस उठेल, आत जाईल, आणि मयुरी ते ऐकेल. मयुरी माझ्याकडे बघेल. कुंदनचं काय, युनिटचं काय, ते सगळं मी मशीनवर पडल्या पडल्या रचलेलं होतं, त्यातलं त्या क्षणी काहीच नव्हतं. मला फक्त तिने माझ्याकडे तसं बघायला नको होतं. लाजेपायी, बापा, निव्वळ लाजेपायी. मी म्हटलं, "काय माहीत भाऊ. लागते कुठूनही."

"असं," ते म्हणाले.  मग टोपी घातली, टॉवेल आत कोंबून पिशवी उचलली, मला हात जोडले आणि जिन्याकडे गेले. मी "भाऊ" म्हणून हाक मारली असेल, नसेल. आवाज निघाला का नाही हे मला खरंच सांगता येणार नाही. जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली गेला आणि मग खालच्या गर्दीत मिसळला. चंदन खाली गाडी घेऊन आलेला, माझा फोन पिशवीत वाजत होता. मी उचलला नाही.

मयुरी बाहेर आली, हातावर कापूस दाबून. बाकावर माझ्याशेजारी बसली, पण मधे एका माणसाची जागा सोडून. मी तिच्याकडे बघितल्यावर म्हणाली, "तुमले लागाले नको." मग इकडेतिकडे पाहिलं. "सांगं ना अक्का तुम्ही? काय म्हणनात आबा?"

"सांगितलं," मी म्हटलं.

"मंग? कोठे गयात?"

"चहा प्यायला गेलेत. येतील."

तिचा चेहरा जरासा उजळला आणि मग कपाळावर आठी आली. "आबा तं चहा पेतस नही," ती म्हणाली.  ती जिन्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच मान हलवली, स्वतःच समजूत काढली. "आज पेतीन. सकायपशीन काही खायेल नही त्यासनी." तिने बाकावर पाय वर घेतले आणि वाट बघत बसली, आणि मीही तिच्यासोबत बसले.